खुशी नसताना

किडनी जुळल्याचं कळलं, तेव्हा कानवाली आधी देवावर चिडली.

फोन रुग्णालयातल्या सिस्टरचा होता. "अभिनंदन! तुमची किडनी तुमच्या नणंदेला चालतेय," असं ती इतक्या उत्साहाने म्हणाली की ऐकणाऱ्याला वाटावं, कुणाचं लग्नच ठरलंय. कानवालीने "बरं, बरं" करत फोन ठेवला, दुकानाच्या मागच्या मोरीत गेली, दार लावलं आणि भिंतीकडे बघत म्हणाली, "झालं तुझ्या मनासारखं?" मग तोंडावर पाणी मारून ती पुन्हा कामाला लागली. बाहेर दोन गिऱ्हाइकं बसली होती.

तिला सगळे कानवाली म्हणत, कारण गेली सत्तावीस वर्षं ती श्रवणयंत्रांच्या एका दुकानात लोकांचे कान तपासत होती. एक आवाजबंद खोली, तिला जाड काचेची खिडकी, आत एक खुर्ची, कानांवर चढवायचा हेडफोन आणि हातात धरायचं एक बटण. बाहेर कानवाली आपल्या यंत्रापाशी. ती बारीक बारीक शिट्ट्या सोडायची आणि आतल्या माणसाने शिट्टी ऐकू आली की बटण दाबायचं. काम सोपं दिसतं, पण माणसं सोपी नसतात. काहींना शिट्टी नसतानाही ऐकू येते. परीक्षेत पास व्हायचं असल्यासारखी ती माणसं बटण दाबत सुटतात. दुकानाचे मालक आणि कानवाली त्यांना आपसात 'हौशी' म्हणत. "आज किती हौशी?" मालक संध्याकाळी शटर ओढताना विचारायचे.

आता आपणही हौशीच निघालो की काय, ही भीती तिला गेले चार महिने कुरतडत होती.

त्याचं झालं असं. एका रविवारी उपासनेत पाळकांनी सांगितलं की आपल्या मंडळीतल्या एका ज्येष्ठ भगिनीच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या आहेत, सर्वांनी तिच्यासाठी प्रार्थना करावी. ज्येष्ठ भगिनी म्हणजे कानवालीची वन्सं, नवऱ्याची थोरली बहीण. सगळ्यांनी माना खाली घातल्या. कानवालीनेही घातली, पण खरं सांगायचं तर तिचं मन घरी होतं. निघताना गॅस बंद केला होता की नाही, हे तिला आठवत नव्हतं. आणि त्या गॅसच्या विचारांच्या मधोमध दोन शब्द आले. तू दे.

तो आवाज नव्हता. आवाज म्हणजे काय, हे तिला पुरतं ठाऊक होतं. किती बारीक, किती मोठा, डाव्या कानात की उजव्या, हे ती झोपेतही सांगू शकली असती. इथे तसलं काहीच नव्हतं. दोन शब्द आधी मनात नव्हते आणि नंतर होते, एवढंच. तिने मान वर करून आजूबाजूला पाहिलं. शेजारच्या बाई डोळे मिटून "आमेन" म्हणत होत्या.

दुसऱ्या कुणासाठी हे शब्द आले असते, तर तिने एवढा घोळ घातला नसता. पण वन्सं! चाळीस वर्षं मुलांच्या रविवारच्या शाळेत शिकवलेल्या, लग्न न केलेल्या, ताठ मानेच्या वन्सं. त्यांना देव सगळं सांगायचा. कोणत्या डॉक्टरकडे जायचं ते सांगायचा, कुणाच्या मुलीला कुठलं स्थळ बघायचं ते सांगायचा. एकदा तर दिवाणखान्याच्या पडद्यांचा रंगसुद्धा त्यांनी प्रार्थना करून ठरवला होता, आणि तो भयंकर होता. कानवालीला लग्नानंतर बत्तीस वर्षांत देवाने कधी काही सांगितलं नव्हतं. ती आपली प्रार्थना करायची आणि पलीकडून काही यायचं नाही. याची तिला सवय झाली होती.

आणि मग ते एक बोलणं होतं. तेवीस वर्षांपूर्वी कानवालीला सातव्या महिन्यात मुलगी झाली. नऊ दिवस जगली. दहाव्या दिवशी वन्सं रुग्णालयात आल्या, खाटेच्या कडेला बसल्या, कानवालीचा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "रडू नकोस. कुठंतरी तुझा विश्वासच उणा पडला असेल." मायेने म्हणाल्या, हेच वाईट. तोडून बोलल्या असत्या तर भांडता तरी आलं असतं. त्यानंतर दुसरं मूल झालं नाही. तेवीस वर्षं कानवालीने वन्संना चहा करून दिला, त्यांच्या आजारपणात कपडे धुतले, त्यांच्याशी हसून बोलली, आणि तो चहा गाळताना एकही दिवस असा गेला नाही की ते वाक्य तिला आठवलं नाही.

नवऱ्याने आधी स्वतःची किडनी देऊ केली होती. तो बसच्या आगारात मेकॅनिक होता, अंगाने धडधाकट, पण रक्तात साखर. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी परत पाठवलं. मंडळीतल्या लोकांनी मनापासून प्रार्थना करू म्हणून सांगितलं, आणि मनापासून प्रार्थनाच केली. मग कानवाली एक दिवस कुणाला न सांगता रक्त तपासायला देऊन आली. मनात हिशेब असा की जुळणार नाहीच. नणंद-भावजय, रक्ताचं नातं नाही, काही नाही. जुळलं नाही की देवाला म्हणता येईल, मी तर तयार होते. तेवढ्यावर सुटका होईल. पण जुळलं, आणि डॉक्टर म्हणाले, छान जुळलंय.

"तू नाही म्हणालीस तरी मी तुला चकार शब्द बोलणार नाही," नवरा सकाळी डबा भरताना म्हणाला. त्याचे डोळे सुजलेले होते. "ती माझी बहीण आहे. म्हणून तू कापून घ्यावंस, असं थोडंच आहे?"

"तुम्हाला कधी देवाचं ऐकू आलंय हो?"

तो विचारात पडला. खोटं बोलायचा त्याचा स्वभाव नव्हता. "मला इंजिनाचं कळतं," तो म्हणाला. "कुठं खडखडतंय ते कळतं. देवाचं विचारशील तर... तुला आलं का?"

"माहीत नाही. बहुतेक."

"बहुतेकवर पोट फाडून घेणार?"

तिने त्याच्या डब्याला झाकण लावलं. तो दारातून वळून म्हणाला, "मला तिला जगवायचंय गं. पण तुला सांगायचं तोंड नाही माझ्याकडे." आणि भराभरा जिना उतरून गेला.

त्याच दिवशी दुकानात एक म्हातारा सुतार आला. आयुष्यभर करवत चालवून कान गेलेले. आवाजबंद खोलीत बसल्यावर तो काचेतून ओरडला, "बाई, आली का नाही आली, तेच कळत नाही! आल्यासारखी वाटते!" आणि कानवालीने सत्तावीस वर्षं जे सगळ्यांना सांगितलं तेच सवयीने त्यालाही सांगितलं, "शंका आली तरी दाबा, बाबा. अगदी बारीक वाटली तरी दाबा."

बोलून झाल्यावर तिचा हात यंत्रावर तसाच राहिला. शेवटची पातळी अशीच धरतात. जिथे माणसाला दहांतल्या पाच वेळा ऐकू येतं आणि पाच वेळा नाही, तिथवर त्याचे कान चालतात असं मानायचं. पुरतं ऐकू यायलाच हवं अशी अट धरली, तर अर्ध्या जगाला बहिरं ठरवावं लागेल. हे सगळं बरोबर होतं, पण त्याने तिचं समाधान झालं नाही, उलट ती वैतागली. सुताराने चुकून बटण दाबलं तर त्याचं काय जाणार होतं? ती आलेखावर एक खूण खोडून पुन्हा शिट्टी सोडणार. तिची तर बरगडीखालची आख्खी किडनी जाणार होती, आणि ती परत लावून मिळत नाही. "बघ हं," ती मनातल्या मनात देवाला म्हणाली, "अजून एकदा सांगितलंस तर बरं होईल." पलीकडून काही आलं नाही. आत सुतार बटण दाबत होता.

समितीची तारीख पंधरा दिवसांनी मिळाली. किडनी देणारा रक्ताच्या नात्यातला नसेल, तर तीन जणांची एक समिती त्याला बोलावून विचारते: का देता, कुणी भाग पाडलंय का, पैसे घेतलेत का. त्यांनी होकार दिल्याशिवाय डॉक्टर सुरीला हात लावत नाहीत.

समितीच्या खोलीबाहेर लांब बाक होतं. वन्सं त्यावर आधीच बसल्या होत्या. डायलिसिसवरून थेट आल्या होत्या. दंडाला पट्टी, चेहरा सुजलेला, पण साडीच्या निऱ्या जागच्या जागी. कानवाली शेजारी बसली.

"तुला काय म्हणू मी?" वन्सं म्हणाल्या. "प्रभू तुझं भलं करो."

कानवालीने या बाकाची मनात खूप वेळा उजळणी केली होती. ती द्यायला निघाली होती ती निम्मी या बाकासाठीच. देवाचं ऐकलं तर देव काहीतरी करेल, वन्संच्या तोंडून ते एकदा बाहेर पडेल, 'मी तुला तेव्हा तसं बोलायला नको होतं,' आणि छातीत इतकी वर्षं अडकलेलं निघून जाईल. एवढी किंमत देताना माणूस बदल्यात काही तरी मागणारच. वन्सं आपणहून बोलेनात, तेव्हा तिनेच विषय काढला.

"वन्सं, एक विचारू? बाळ गेलं तेव्हा तुम्ही मला म्हणाला होतात, माझा विश्वास उणा पडला असेल म्हणून."

वन्संच्या कपाळावर आठ्या पडल्या. "मी म्हणाले?"

"हो."

"तुला?"

"मलाच. दहाव्या दिवशी. खाटेवर बसून."

वन्सं समोरच्या फरशीकडे बघू लागल्या. खरोखर आठवायचा प्रयत्न करत होत्या. मग हळूच म्हणाल्या, "नाही गं आठवत. मी असं कशी म्हणेन?"

कानवालीने त्यांच्या डोळ्यांत पाहिलं. ऐकू येत असून न आल्याचं सोंग करणारी माणसं तिने ढिगाने पाहिली होती. विम्याचे पैसे हवे असलेले, घरच्यांना टाळायचं असलेले. सोंग तिला एका मिनिटात कळायचं. हे सोंग नव्हतं. वन्सं खरंच विसरल्या होत्या. जे वाक्य उशाशी घेऊन ती तेवीस वर्षं झोपली आणि उठली, ते वन्संच्या लेखी कधी घडलंच नव्हतं.

तिला रडू नाही आलं, राग आला. तेवढ्यात दार उघडून शिपायाने हाक मारली, "किडनी देणारे कोण? आधी एकट्यांनी आत या."

आत टेबलामागे तिघे होते: पांढऱ्या केसांचे एक सर्जन, चष्मा लावलेल्या एक वकीलबाई आणि कागद लावत बसलेले एक समाजसेवक. वकीलबाईंनी आवाज खाली आणला. "हे बघा, इथे तुम्ही बोलाल ते बाहेर जाणार नाही. तुमचं मन नसेल तर आम्ही घरी एवढंच कळवतो की तपासणीत अडचण निघाली. कुणाला कधी कळत नाही. पुष्कळ जण तसं करतात, त्यात वाईट काही नाही."

कानवालीच्या जिवात जीव आला. एक शब्द बोलायचा आणि निघायचं. नवरा दुखावणार नाही, वन्संना कळणार नाही, मंडळीत नाव राहील. आणि देव? देवाने सांगितलं होतं की नाही, हेही नक्की कुठं होतं?

"द्यायची असेल तर हे मोठ्याने वाचा आणि खाली सही करा," समाजसेवकांनी छापील कागद पुढे सरकवला.

तिने वाचायला घेतलं. "मी, खाली सही करणारी, माझी एक किडनी स्वखुशीने..." आणि ती थांबली. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तिथेच अडली. शेवटी म्हणाली, "मला खुशी नाहीये."

वकीलबाई पुढे झुकल्या. "दबाव आहे का कुणाचा?"

"आहे."

"नवऱ्याचा?"

"छे, ते बिचारे तोंडसुद्धा उघडत नाहीत. देवाचा असावा."

"असावा?"

"खात्री नाही."

सर्जनांनी पेन खाली ठेवलं. "बाई, तुम्हाला आवाज ऐकू येतात का?"

"साहेब, मी कान तपासायचं काम करते," कानवाली म्हणाली. "आवाज आला असता तर किती बरं झालं असतं. त्याचा आलेख काढून तुम्हाला दाखवला असता."

समाजसेवक खोकल्याच्या आड हसले. वकीलबाई हसल्या नाहीत. "समजा, तुम्ही दिली नाही. तर काय होईल तुमचं? काय भीती वाटते?"

कानवालीने खरंच विचार केला. "काही होणार नाही. नवरा काही म्हणणार नाही. देवही काही करणार नाही मला. तो तसला नाही. उद्या दुकानात जाईन, परवाही जाईन."

"आणि जिला द्यायची, तिच्याविषयी प्रेम?"

"जे काही होतं, तेही आत्ता बाहेर बाकावर गेलं."

"अहो, मग नाही म्हणा ना!" वकीलबाई जवळजवळ ओरडल्याच.

कानवालीने डोळे मिटले. आता तरी, ती मनात देवाला म्हणाली. आता तरी एकदा बोल, मी अगदी कडेला उभी आहे. वातानुकूलन यंत्र घरघरत होतं, आणि बाकी काहीच नव्हतं. मनात तेच शिळे दोन शब्द होते, चार महिन्यांपूर्वीचे, गॅसच्या मधोमध आलेले. नवे कुणी पाठवले नाहीत. एकदा सांगून झालेलं तो पुन्हा सांगणार नाही, आणि ती ते न ऐकल्यासारखं करू शकणार नाही, एवढं तिला कळलं. त्यात आनंद औषधालाही नव्हता.

"खुशी खोडून चालेल का?" तिने विचारलं.

"म्हणजे देणार?"

"देणार. पण खोटं लिहून नाही देणार. देवाचं ऐकायचं आणि त्याच कागदावर खोटं बोलायचं, हे मला नाही जमायचं."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. सर्जन आणि वकीलबाई कोपऱ्यात जाऊन दहा मिनिटं कुजबुजले. परत येऊन वकीलबाईंनी कोरा कागद तिच्यापुढे ठेवला. "तुमच्या शब्दांत लिहा. पण एक अट आहे. घेणाऱ्याने हे वाचून खाली सही करायची. त्यांना माहीत असलं पाहिजे, त्या काय घेतायत ते."

कानवालीने लिहिलं: 'मला खुशी नाही. कुणाची जबरदस्ती नाही. खुशी नसताना, स्वतःहून, मी माझी एक किडनी देते.' खाली सही केली.

वन्संना आत बोलावलं. त्यांनी पर्समधून चष्मा काढला आणि उभ्यानेच कागद वाचला. मग खुर्चीत बसून पुन्हा वाचला. ज्या बाईला आयुष्यभर कुणी 'नाही' म्हटलं नव्हतं, तिच्या हातात हे असलं दान आलं होतं. आता त्या उठून जातील, असं कानवालीला वाटलं. जाव्यात असंही वाटलं.

"माझ्यासाठी देत नाहीस तू," वन्सं म्हणाल्या.

"नाही."

"त्याने सांगितलं म्हणून."

"हो. बहुतेक."

वन्संनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. "मी आजारी पडल्यापासून तो माझ्याशी एक शब्द बोललेला नाही," त्या म्हणाल्या. "सगळ्यांना सांगते, प्रभूने मला शांती दिलीय. कसली शांती! यंत्राला जोडून ठेवतात तेव्हा छताकडे बघत पडते, आणि वर काही नसतं." त्या कानवालीकडे वळल्या. "खरं सांग. तोच होता का? नक्की?"

"मला माहीत नाही, वन्सं."

"आणि तो नसलाच तर?"

वकीलबाई लिहायच्या थांबल्या. कानवालीने उत्तर शोधलं, तर हाताशी एकच होतं. ते तिला मुळीच नको होतं. तिचा राग अजून जागच्या जागी होता.

"तर मग," ती म्हणाली, "ती मीच तुम्हाला दिली, असं होईल."

वन्संनी तिच्याकडे पाहिलं. मग टेबलावरचं पेन उचललं आणि कागदावर वाकल्या.